न सांगितलेली चीर

मागच्या मार्गशीर्षात मी माझ्या मोटारसायकलीची समोरची काच ८०० रुपयांना विकून टाकली. व्यवहार एवढाच. अमरावतीच्या इतवारा बाजारात याहून मोठे व्यवहार घडीघडीला होत असतील, आणि ते करणारी माणसे रात्री सुखाने झोपतही असतील. मला मात्र त्या ८०० रुपयांनी आठ रात्री स्वस्थ झोपू दिले नाही. असे का व्हावे, याचा विचार करीत असताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. मी कायद्याचा पंडित नाही, तत्त्वज्ञ तर नाहीच. दहावीनंतर चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शाळेत मुलांना रेघा ओढायला शिकवतो आणि सुटीच्या दिवसांत कादंबऱ्या लिहितो. तेव्हा हा विचार एका सामान्य विक्रेत्याचा समजावा.

प्रथम त्या वस्तूविषयी. तिला आम्ही काच म्हणतो, पण ती काच नसते. ॲक्रिलिकचा पारदर्शक, किंचित वाकवलेला पत्रा असतो तो. हँडलला दोन लोखंडी पट्ट्या कसायच्या, त्यांवर चार बोल्टांनी हा पत्रा बसवायचा, आणि बोल्ट व पत्रा यांच्या मध्ये रबरी वायसर घालायचे. कंपनीकडून गाडीबरोबर ती येत नाही. मागाहून बाजारातून आणून बसवून घ्यावी लागते. मी ती २०२२ च्या पावसाळ्यानंतर १८०० रुपयांना घेतली. घेण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. रस्ता सुधारला म्हणून मला काच घ्यावी लागली!

अमरावतीहून अकोल्याला जाणारा हमरस्ता कित्येक वर्षे अशा अवस्थेत होता की, त्यावरून वेगाने जाण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. मग २०२२ च्या जून महिन्यात त्याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीची एक पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरली गेली आणि गिनेसच्या विक्रमांत आमच्या वऱ्हाडाचे नाव लागले. खड्डे गेले आणि वेग आला. वेगाबरोबर वारा आला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, हे विज्ञानाच्या मास्तरांनी मला फळ्यावर लिहून दाखवले होते. बडनेरा सोडले की छातीला ते आपोआप समजत असे. माझे वडील अकोल्याला थोरल्या भावाकडे अंथरुणाला खिळलेले होते. दर शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी निघे. लोणी, कुरूम, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी गावे मागे टाकीत दुपारी पोचे आणि रविवारी सायंकाळी परते. थंडीत छाती गारठून जाई, उन्हाळ्यात भट्टीचे तोंड उघडावे तसा वारा येई, आणि तिन्हीसांजेला डोळ्यांवर किडे आदळत. म्हणून काच. गेल्या वर्षीच्या चैत्रात वडील गेले. त्यानंतर शनिवारची वाट उरली नाही, आणि काचेचे प्रयोजनही उरले नाही.

त्या काचेत एक दोष होता. खालच्या डाव्या बोल्टाच्या भोकापासून निघून ती सुमारे अर्ध्या बोटाइतकी, केसासारखी बारीक चीर होती. दोष माझाच, एकदा बोल्ट सैल वाटला म्हणून मी तो पान्याने नको तितका आवळला होता. चीर वायसरच्या आड जाई. तिचे टोक तेवढे बाहेर डोकावत असे, आणि तेही ऊन तिरपे पडले तरच दिसे.

विकायचे ठरले तेव्हा मी काचेचे छायाचित्र काढले. चित्रकलेच्या शिक्षकाला उजेड कसा पडतो हे सांगावे लागत नाही. सायंकाळच्या तिरप्या उन्हात पत्र्यावरचा प्रत्येक ओरखडा उठून दिसला असता. मी भर दुपारी, पांढऱ्या भिंतीसमोर, सरळ समोरून छायाचित्र घेतले. त्या वेळी मनात कपट होते असे मी म्हणणार नाही. मुलगी दाखवायची असली की आई तिला बरे लुगडे नेसवते, तसेच मी काचेचे केले, अशी मी माझी समजूत घातली. आज वाटते की, व्यवहारातले असत्य जिभेवर येण्यापूर्वी असेच हाताच्या बोटांतून, उजेडाच्या निवडीतून आत शिरत असावे.

छायाचित्र पाहून बोरगाव मंजूचा एक तरुण आला. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दालमिलमध्ये तो रात्रपाळीला जातो. त्याने काच हातात घेतली, उन्हात धरली. मी होऊन म्हणालो, “ओरखडे आहेत हं, नीट पाहून घ्या. आणि कडेला थोडी पिवळीही पडली आहे.”

तो हसला. म्हणाला, “सर, तुम्ही मास्तर लोकं. तुमच्या घरची वस्तू म्हंजे पाह्यनं काय त्याच्यात? ओरखडे तं मलेबी दिसते.”

हजारावरून भाव ८०० वर आला. त्याने पैसे मोजले, काच पोत्यात गुंडाळून मागे बांधली आणि तो निघून गेला. चिरेविषयी त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही.

रात्री पत्नीने पैसे डब्यात ठेवताना सहज विचारले, “ते वायसरखालचं सांगितलं न तुम्ही त्याला?”

“त्यानं विचारलंच नाही,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. डबा फळीवर ठेवून स्वयंपाकघरात गेली. माझी झोप उडाली ती तेव्हापासून.

मनुष्य स्वतःचा वकील मोठ्या तत्परतेने होतो. मीही झालो. पहिला युक्तिवाद असा की, मी खोटे एक अक्षरही बोललो नाही. न बोलणे आणि खोटे बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा युक्तिवाद काही माझ्या पदरचा नाही. सिसेरो या रोमन लेखकाने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात हाच वाद आला आहे. रोड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तेथे पोचतो. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, लोकांना ठाऊक नाही. त्याने ते सांगावे की मुकाट्याने चढ्या भावाने माल विकावा? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, मालातला दोष कायदा सांगायला लावील तेवढा सांगावा; बाकी गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितले पाहिजे; माणूस माणसाशी बांधलेला आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने निकाल देतो. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: जे तुला ठाऊक आहे ते दुसऱ्याला कळू नये, अशी इच्छा तू स्वतःच्या लाभासाठी धरलीस आणि ते कळण्यात त्याचे हित होते, की तुझे मौन हे मौन राहिले नाही, ते लपवणे झाले.

आपल्या देशातला कायदा या बाबतीत डायोजिनीसच्या अधिक जवळ आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे, आणि केवळ गप्प बसणे हे कपट नव्हे असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. मला हायसे वाटले. पण कलमाखाली उदाहरणे दिली आहेत, ती वाचताना हायसेपणा टिकेना. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. हे कपट नाही. नंतरचे उदाहरण: घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता घोड्यातला दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. त्यापुढचे: घेणारा म्हणतो, “तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालतो.” यावर विकणारा गप्प राहिला, तर ते मौन म्हणजे बोलणेच होय.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या रुक्ष कायद्यात मला एकाएकी बोरगाव मंजूचा तो तरुण दिसला. “तुमच्या घरची वस्तू म्हंजे पाह्यनं काय त्याच्यात?” या वाक्याचा अर्थ दुसरा काय होता? तुम्ही नाही म्हटले नाहीत, म्हणजे काच निर्दोष आहे, असेच तो म्हणत होता. त्याने माझी परीक्षा घेतली नाही. माझ्या पेशाला साक्षीला बोलावले. आणि मी त्या साक्षीला मूकपणे होकार दिला.

यापेक्षाही मला बोचले ते दुसरेच. मी अगदीच गप्प कुठे होतो? ओरखडे मी दाखवले होते. पिवळेपणा मी दाखवला होता. जे त्याच्या डोळ्यांना दिसतच होते ते मी मोठ्या प्रामाणिकपणाने सांगितले, आणि त्या प्रामाणिकपणाच्या आड चीर ठेवली. वायसरने चिरेला जेवढे झाकले नसेल, तेवढे माझ्या त्या दोन खऱ्या वाक्यांनी झाकले. छोटे सत्य सांगून मोठे सत्य दडवणे हे असत्याहून सुबक काम आहे. ते करणाऱ्याला आपण सत्य बोललो असे समाधानही मिळते. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून ही युक्ती मला हातखंडा असावी. कादंबरीतही दहा गोष्टी सांगून अकरावी लपवायची असते. पण तेथे आपल्यापासून काही लपवले जाणार आहे हे वाचकाला ठाऊक असते, किंबहुना त्यासाठीच तो पैसे मोजतो. काच घेणाऱ्याने असा करार केलेला नव्हता.

दुसरा युक्तिवाद किमतीचा. १८०० ची वस्तू ८०० ला दिली. जुन्या मालाची कमी किंमत हीच त्याच्या दोषांची कबुली नव्हे काय? वरवर पाहता हे पटते. परंतु कमी किंमत एवढेच सांगते की वस्तू जुनी आहे. चीर कुठे आहे, हे किंमत सांगत नाही. शिवाय दोषांतही दोन जाती आहेत. काही दोष पैशाला खातात, काही माणसाला. सदऱ्याचा रंग जाणार असेल तर घेणाऱ्याचे चार पैसे जातात. पण माणूस ज्याच्या आडोशाला बसून रात्रीच्या हमरस्त्यावर वेगाने जाणार, त्या पत्र्याची चीर ही पैशाची बाब नव्हे. ॲक्रिलिक तुटले की त्याचे धारदार तुकडे होतात. इंजिनाचा थरथराट ती चीर रोज थोडी पुढे सरकवणार. मी शनिवार-रविवारी जात होतो, दिवसाउजेडी. तो रोज जाणार, रात्री. माझ्या हातात जी चीर अर्ध्या बोटाची होती ती त्याच्या हातात तेवढीच राहील, असे मी कशाच्या आधारावर धरले होते?

तिसरा युक्तिवाद बाजाराचा: घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. याला वऱ्हाडात मोठी परंपरा आहे. बैलबाजारात आपण बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, चालवून पाहतो, जाणता माणूस बरोबर नेतो. भावही रुमालाखाली बोटे धरून ठरतो, तिसऱ्याला कळू नये म्हणून. तिथे दोन्ही पक्ष तयारीचे. कायदाही म्हणतो की, साधी दक्षता घेऊन ज्याला खरे कळू शकले असते, त्याने समोरचा गप्प राहिला म्हणून करार मोडू पाहू नये. वायसर काढून पाहायला त्याला कोणी मनाई केली होती?

येथे मला वडिलांची आठवण आल्यावाचून राहिली नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडे एक तांबडा बैल होता. दिसायला देखणा, दात जुळलेले, पण ऊन तापले की तासात बसकण मारायचा. वडील त्याला बाजारात घेऊन गेले तेव्हा मी सोबत होतो. गिऱ्हाईक आले, त्याने दात पाहिले, पाठीवर थाप मारली, भाव बोलला. वडील म्हणाले, “बैल बसका हाय बाप्पा. दुपारी बसते. सकाळच्या कामाले चांगला.” गिऱ्हाईक पुढे निघून गेले. सायंकाळपर्यंत असे तिघे गेले. चौथ्याने घेतला, बराच भाव पाडून. परतताना मी विचारले की, त्यांनी विचारले नव्हते, मग तुम्ही कशाला सांगितले? वडील म्हणाले, “दात पाह्यता येते, बसणं पाह्यता येत नाही. पाह्यता येते ते त्यानं पाहावं. येत नाही ते आपण सांगावं.”

सिसेरो, करार कायदा आणि डायोजिनीस या सर्वांच्या वादातून मी जे शोधत होतो, ते एका अक्षरशत्रू शेतकऱ्याने बैलबाजारातून परतताना सांगून ठेवले होते. उघडा दोष पाहणे हे घेणाऱ्याचे काम, झाकलेला दोष सांगणे हे विकणाऱ्याचे. ओरखडे म्हणजे दात. चीर म्हणजे बसणे. ज्या वडिलांना भेटायला जाण्यासाठी मी ती काच घेतली होती, त्यांचा हा एक शब्द मला काच विकताना आठवू नये, आणि विकून झाल्यावर आठवावा!

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीही हेच सांगितले आहे. चांगल्याच्या नावाखाली वाईट विकू नये, वजनात कमी देऊ नये, झाकलेले विकू नये, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात आणखी एक सुंदर तरतूद आहे. विकत घेऊन किंवा विकून ज्याला पश्चात्ताप होईल त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी अथवा परत घ्यावी. घेणाऱ्याचा पश्चात्ताप आपण सहज समजतो. विकणाऱ्यालाही पश्चात्ताप होऊ शकतो आणि त्याच्यासाठीही दार उघडे ठेवले पाहिजे, हे त्या शास्त्रकाराला सुचले. महाभारताच्या शांतिपर्वात तर जाजली नावाच्या, तपाचा गर्व झालेल्या ब्राह्मणाला धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागते. तुलाधार सांगतो की, दुसऱ्यांच्या हातून घेतलेला माल मी कपट न करता विकतो आणि माझा तराजू सर्वांना सारखा आहे. ज्याच्या जटांत पाखरांनी घरटे बांधले होते त्याला जे कळले नव्हते, ते तागडी धरणाऱ्याला कळले होते.

तथापि शास्त्रे होती म्हणून बाजार शुद्ध होता, असे समजण्याचे कारण नाही. वऱ्हाडचाच इतिहास पाहा. कापसाचा बाजार कायद्याने बांधण्याची आपल्या देशातली सुरुवात वऱ्हाडात झाली. १८८६ मध्ये कारंजाचा बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियमांखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आता वाशीम जिल्ह्यात असलेले ते कारंजा तेव्हा आपल्या या मुलखाचे नाक होते. पण हा कायदा कशामुळे आला? कास्तकाराची दया येऊन नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस हवा होता, वाजवी भावाने हवा होता. घेणारा बलाढ्य होता, म्हणून शुद्धतेचा कायदा झाला. मला यात एक कटू सत्य दिसते. बलवान गिऱ्हाईक कायदा करून घेते; दुबळ्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्याच्या सद्‌बुद्धीवर विसंबावे लागते. १९८६ आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यांनी दुकानदाराला पुष्कळ बांधून घेतले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण घरातली जुनी वस्तू विकणारा माझ्यासारखा मनुष्य काही दुकानदार नव्हे. दालमिलचा मजूर आणि मी यांच्यामध्ये त्या दुपारी कोणताही इन्स्पेक्टर उभा नव्हता. होते फक्त मी मास्तर असणे.

कोणी म्हणेल, मग सर्वच सांगायचे काय? तसे केले तर विकणे संपेल आणि दानधर्म सुरू होईल, असा डायोजिनीसचाही टोमणा होता. नाही, सर्व सांगण्याचे बंधन मला मान्य नाही. थोडी खटपट केली तर याहून स्वस्त काच दुसरीकडे मिळेल, हे सांगणे माझे कर्तव्य नव्हते; ते बाजारात चार ठिकाणी विचारून त्याला कळू शकले असते. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. अशा उंच माणसाच्या डोक्याशी काचेच्या वरच्या कडेवरून आलेला वारा घुसळतो आणि हेल्मेट थरथरते. हे मी सांगितले असते तर चांगुलपणा झाला असता, न सांगितले तर अपराध नव्हता. वस्तूत तो दोषच नाही. माझ्या उंचीला ती काच बेताची होती. कर्तव्य आणि चांगुलपणा यांच्यामधली रेघ धूसर असते खरी, पण ती नसतेच असे नाही. जे मला ठाऊक आहे, त्याला पाहता येणार नाही, आणि जे कळल्यास तो एक तर घेणार नाही किंवा निराळ्या भावाने, निराळ्या सावधगिरीने घेईल, ते सांगितलेच पाहिजे. चीर या तिन्ही कसोट्यांना उतरत होती.

आठव्या दिवशी रविवार होता. मी डब्यातून ३०० रुपये घेतले आणि गाडी काढली. काच नसल्यामुळे वारा सरळ छातीवर येत होता. मूर्तिजापूरला थांबून चहा घेतला, आणि काय बोलायचे ते जुळवले.

तो घरासमोरच्या निंबाखाली गाडी पुसत बसला होता. काच बसवलेली होती. मी जवळ जाऊन खालच्या डाव्या बोल्टाकडे पाहिले. चिरेच्या टोकाशी एक बारीक, गोल छिद्र पाडलेले होते.

“दुसऱ्याच दिवशी दिसलं सर, बसवताना,” तो म्हणाला. “मिस्तरीनं टोकाले छिद्र पाडून देल्लं. आता सरकत नाही ते.”

चिरेच्या टोकाशी गोल छिद्र पाडले की तिला पुढे फाटायला टोक उरत नाही, ही जुनी कारागिरी आहे. मला ती ठाऊक नव्हती.

“मग फोन का नाही केला?” मी विचारले.

“कायले सर? मले वाटलं, तुमालेबी मालूम नसन. वायसरखाली कोन पाह्यते?”

मी अमरावतीहून जे सांगायला आलो होतो, त्याची गरज त्याने एका वाक्यात संपवून टाकली होती. मला फक्त “हो, मलाही ठाऊक नव्हते,” एवढे म्हणायचे होते. किंवा तेही नाही. नुसते गप्प राहायचे होते. काच सुरक्षित होती, त्याचे मन स्वच्छ होते, माझी अब्रू शाबूत होती. पहिल्या मौनाने मला आठ रात्री छळले. हे दुसरे मौन तर कोणाचेच नुकसान करणार नव्हते. खरे सांगतो, तेवढ्या वेळात मी निंबाच्या बुंध्याकडे पाहत उभा राहिलो आणि माझ्या मनात येऊन गेले की, आता बोलणे हा निव्वळ स्वतःच्या मनाचा लाड आहे. पण त्याने माझ्याविषयी जे धरले होते ते खोटे होते, आणि ते खोटे माझ्याच मौनावर उभे होते. चीर बुजली होती. हे बुजले नव्हते.

“मला माहीत होतं,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. राग दिसला नाही. पण चेहऱ्यावरचे ते पहिल्या दिवशीचे हसू मी शोधत होतो, तेही दिसले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “मंग सांगाले काय झालं होतं, सर? म्या घेतलीच असती.”

हे अधिकच वाईट होते. कदाचित सांगून, शंभर-दोनशे कमी घेऊन, मी ती काच विकू शकलो असतो. मी ३०० रुपये पुढे केले. त्याने नको म्हटले नाही. मोजून घेतले आणि खिशात घातले. मला त्याचे बरे वाटले. नको म्हटले असते तर मी आणखी लहान झालो असतो. मग त्याने चहा मागवला. चहा पिताना दालमिलविषयी, थंडीविषयी आम्ही बोललो.

निघताना तो म्हणाला, “आता म्या कोनाजवळून काई घेतलं, तं इचारीन. मास्तर असो का कोनीबी.”

परतीच्या वाटेवर हे वाक्य वाऱ्यासारखे छातीवर आपटत राहिले. जॉर्ज अकेर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याबद्दल पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे म्हणणे सोपे आहे. दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक जुन्या मोटारीत दोष असेलच असे धरून भाव पाडतो. पाडलेल्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात, आणि शेवटी उरतात त्या बहुधा खोडीच्या. गप्प राहणाऱ्याच्या मौनाची किंमत अशी त्याच्या गिऱ्हाइकाइतकीच, पुढे कधीतरी सांगून विकणाऱ्या अनोळखी माणसालाही मोजावी लागते. हा निबंध मी वाचला तेव्हा मला तो बाजाराविषयी वाटला होता. त्या सायंकाळी तो माझ्याविषयी वाटू लागला.

वीस वर्षे मी मुलांना शिकवतो आहे. काय शिकवले, त्यांतले किती टिकले, हे मला सांगता येणार नाही. पण बोरगाव मंजूच्या त्या तरुणाला मी एक धडा नक्की शिकवला, आणि तो त्याला पाठ झाला आहे. मास्तरलाही विचारून घ्यावे. धडा व्यवहाराच्या दृष्टीने वाईट नाही. कदाचित त्याच्या उपयोगीही पडेल. पण तो तो माझ्याकडून शिकला, हे ३०० रुपये परत देऊन पुसता येत नाही.